‘क्लास कुठला लावलास?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

सांगलीत लग्नात, बँकेत, विश्रामबागच्या भाजीवाल्यापाशी, सगळीकडे एकच प्रश्न. “गेममधले ते इफेक्ट शिकायला कुठला क्लास लावलास? आमच्या पोरालाही घालायचाय.”

लावला होता. पुण्यात, आईच्या पाटल्या मोडून. तिथे सिनेमाचं शिकवलं. सिनेमाची एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, कॉम्प्युटर रात्रभर रेंडर करत, म्हणजे रंगवून काढत, राहिला तरी चालतं. गेमला खेळता खेळताच सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात, आणि इफेक्टच्या वाट्याला त्यातला तुकडाच येतो. हा फरक तिथे कुणी सांगितला नाही. पाटल्यांचं मला अजून लागतं.

बाकीचं घरी शिकले. अनरिअल, युनिटी ही गेम बनवायची इंजिनं शिकणाऱ्याला फुकट मिळतात, थ्रीडी करायचं ब्लेंडर तर सगळ्यांनाच. ब्लेंडरमध्ये धूर करायचा, त्याची ६४ चित्रं आठ बाय आठच्या एका टेक्स्चरमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या चित्रात, बसवायची आणि इंजिनमध्ये पार्टिकलवर, म्हणजे इफेक्टच्या सुट्या कणांवर, एकामागून एक चालवायची. हे व्हिडिओ बघून जमतं. अवघड असतो तो वेळ : आधी चाहूल, मग तडाखा, मग रेंगाळत विरणं. तो मला सांगलीजवळच्या कवठेएकंदच्या दसऱ्यानं शिकवला. तिथल्या शोभेच्या दारूचं मोबाइलवर केलेलं शूटिंग फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिलं. स्फोटाची पहिली फ्रेम पांढरीफटक, रंग त्यानंतर, आणि उजेड विझला तरी धूर जागचा हलत नाही.

पण सांगायचंय ते हळदीचं. एका मोबाइल गेममध्ये गदेच्या घावाचा इफेक्ट माझ्याकडे आला. अप्पा मार्केट यार्डात तोलाईदार. हळदीचं पोतं ओतलं की हळकुंडं आधी पडतात, धूळ जरा मागाहून कडेनं उठते. जड कण लगेच खाली बसतात, बारीक पूड पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात तरंगत राहते आणि उन्हाबाहेर गेली की तिचा पिवळा मळकट होतो. मला घाव अगदी असाच हवा होता. आठवडेच्या आठवडे घातले. अप्पांना दाखवला, तर स्क्रीनपाशी वाकून म्हणाले, “ही राजापुरी हळद.”

मीटिंगमध्ये आमच्या लीडनं, म्हणजे टीमच्या प्रमुखानं, एक स्वस्तातला फोन पुढे केला. धुळीचे पारदर्शक थर एकावर एक आले की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो, याला ओव्हरड्रॉ म्हणतात. गेम अडखळला. त्याचं मला काही नव्हतं; थर कमी केले, गेम नीट चालला. तरी तो म्हणाला, “घाव बसलेला कळतो. पण समोरच्यानं पुन्हा हात उचललाय, ते या धुळीत दिसत नाही.” मी भांडले. चांगलीच भांडले. शेवटी उरलं काय, तर एक लख्ख झळक, एक कडं आणि मूठभर कण. गेम बाहेर आला तेव्हा अप्पांनी खेळून पाहिला. “हळद काढली व्हय? बरी हुती की.”

खेळणाऱ्याला समोरचा दिसलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. आता नव्या मुलांच्या इफेक्टला मीच कात्री लावते, तीच वाक्यं बोलते. तरी ती पूड अर्धा सेकंद जास्त राहिली असती तर कुणी हरलं नसतं, असं तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. पूर्वी मी मुलांना सांगायचे, आधी सॉफ्टवेअर पक्कं करा. मध्यंतरी सांगायला लागले, आधी बघायला शिका. हल्ली पुन्हा पहिलंच बरोबर वाटतं, कारण नुसतं बघणाऱ्याच्या हातून काहीच चालत्या गेममध्ये पोचत नाही.

तर क्लास. पैसे भरण्याआधी तिथल्या सरांना विचारा, पोराचा इफेक्ट साध्या फोनवर चालवून दाखवणार की नुसता व्हिडिओ करून देणार? व्हिडिओ म्हणाले, तर तो सिनेमाचा क्लास आहे. आणि सांगलीत राहून नोकरी मिळेल का, हे मला विचारू नका. मी पुण्याचं काम घरून करते. उद्या त्यांनी बोलावलं तर काय करायचं, हे माझंच ठरलेलं नाही.