आमची वाटचाल : वारा पडलेला असतानाचा धंदा

आम्ही पवनचक्क्यांची देखभाल-दुरुस्ती करतो. आमची सुरुवात बोल्टपासून झाली. पवनचक्कीचा टॉवर तीन-चार तुकड्यांत येतो आणि ते तुकडे आतल्या बाजूने मोठ्या बोल्टनी जोडलेले असतात. पाती हबला, म्हणजे मधल्या तुंब्याला, बसवतात तीही बोल्टनीच. मशीन फिरायला लागली की हे सगळं थोडं सैल पडतं, म्हणून ठरावीक काळाने हायड्रॉलिक पान्याने ताण तपासावा लागतो. हे काम कंटाळवाणं आणि अवघडून बसून करायचं, त्यामुळे मोठे ठेकेदार ते खुशाल दुसऱ्याकडे ढकलतात. ते आम्ही घेतलं. बरेच दिवस साइटवर आम्हाला ‘बोल्टवाले’ म्हणूनच ओळखत, आणि त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. बोल्टच्या निमित्ताने मशीनच्या प्रत्येक कोपऱ्यात जायला मिळतं, ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

मशीनचा हिशेब सांगायला सोपा आहे. वारा पात्यावरून वाहताना विमानाच्या पंखासारखी उचल तयार होते आणि ती पात्याला फिरवते. मोठ्या मशीनचा रोटर, म्हणजे हब आणि पाती मिळून, मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेतो. चार पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) जनरेटरला मात्र पंधराशेच्या आसपास फेरे लागतात, म्हणून मध्ये गिअरबॉक्स येतो. जनरेटरमधून बहुतेक ठिकाणी ६९० व्होल्टची वीज निघते, ट्रान्सफॉर्मर तो दाब वाढवतो आणि पुढे ग्रीड. वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही, कारण हवेला पात्यांमागून पुढे जाण्यापुरता वेग ठेवावाच लागतो. अल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये ही मर्यादा ५९.३ टक्के असल्याचं दाखवलं. मशीन कितीही चांगली असो, तिच्या वर जात नाही.

आमचा सगळा धंदा ज्यावर उभा आहे ती गोष्ट वेगळी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. २ मेगावॅटची मशीन सेकंदाला बारा मीटर वाऱ्यात पूर्ण क्षमतेने चालते असं धरा. तीच मशीन पाच मीटर वाऱ्यात जेमतेम दीडशे किलोवॅट देते. म्हणजे भर वाऱ्याचा एक दिवस बंद पडला तर ४८,००० युनिट बुडाले, आणि मंद वाऱ्याचा दिवस बुडाला तर साडेतीन हजार. कागदावर दोन्ही ‘एक दिवस बंद’.

देखभालीचे बहुतेक करार मात्र वेळेवर असतात. मशीन वर्षातले ९७ टक्के तास उपलब्ध ठेवा, एवढीच अट. उरलेले तीन टक्के म्हणजे साधारण अकरा दिवस. ते कोणते अकरा दिवस, हे करारात कुणी विचारतच नाही! आम्ही विचारायला लागलो, आणि तिथून बोल्टवाल्यांची फर्म वेगळ्या वाटेला लागली.

अडचण अशी की बिघाडही भर वाऱ्यातच होतात. भार तेव्हा जास्त, झटके तेव्हाच जास्त. गिअरबॉक्सचं बेअरिंग जायचं तर वाऱ्याच्या हंगामाच्या मध्यावर जाणार. बदलायला मोठी क्रेन हवी, आणि टॉवरच्या उंचीवर जड वजन उचलायचं तर वारा मंद हवा. मग मालक रोज वारा पाहून हळहळतो, क्रेन खाली उभी राहून भाडं खाते आणि मशीन थांबलेली. म्हणून आम्ही पहिला पैसा कंपनं मोजायच्या सेन्सरमध्ये आणि बोरोस्कोपमध्ये, म्हणजे मशीन न उघडता आत डोकावणाऱ्या बारीक कॅमेऱ्यात, घातला. बेअरिंगच्या कडीला तडा जाऊ लागला की कंपनांत त्याची ठरावीक वारंवारता उमटते, बऱ्याचदा काही महिने आधी. तेलाचा नमुना काढला तर लोखंडाचे कण दिसतात. मग मालकाला सांगता येतं की हंगामभर भार थोडा कमी ठेवून चालवा, वारा पडला की बदलू. सगळे ऐकतात असं नाही. फिरणारी मशीन नजरेसमोर असताना आतून ती खराब होतेय हे पटवणं, हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. गिअरबॉक्स उघडणं त्या मानाने सोपं.

पात्यांचं काम नंतर आलं. शंभर मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला पंधरा फेरे घेत असेल तर पात्याचं टोक ताशी २८० किलोमीटरच्या वर पळतं. त्या वेगाला पावसाचा थेंब आणि धुळीचा कण पुढच्या कडेचा थर खरवडून काढतो. कड खडबडीत झाली की उचल घटते आणि मशीन बंद न पडता गुपचूप कमी वीज देते. आभाळातल्या विजेचं वेगळंच. पात्याच्या टोकाजवळ ती झेलणारा धातूचा तुकडा असतो, तिथून वाहक तार खालपर्यंत जाते. ती तार कुठे तुटलेली असेल आणि पात्यात ओल साठलेली असेल, तर वीज पडल्यावर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पातं सांध्यावर उकलतं. दोरावर लटकून ग्लास फायबरचे थर बसवणारी माणसं तयार करायला आम्हाला वेळ लागला. थर चिकटवणाऱ्या रेझिनला ठरावीक तापमान आणि कोरडी हवा लागते, म्हणजे इथेही घाई चालत नाही. वाऱ्याची मर्यादा ओलांडली की आमचा माणूस दोरावर राहत नाही. मग खाली कुणीही उभा असो. एका ग्राहकाने यावरून काम काढून घेतलं, आम्ही जाऊ दिलं.

बिघाड नसताना होणारं नुकसान आम्हाला स्काडाच्या, म्हणजे मशीनवर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, आकड्यांत दिसायला लागलं. नॅसेलवरचा, म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवरचा, वातदिशादर्शक बसवताना थोडा तिरका बसला, तर मशीन आयुष्यभर वाऱ्याला थोडी तिरकीच तोंड देते. दहा अंशांच्या फरकाने तीन-चार टक्के वीज जाते आणि कुठलाही अलार्म वाजत नाही. असे बिनआवाजाचे तोटे शोधणं हेच आता आमच्या कार्यालयातल्या मुलांचं मुख्य काम झालं आहे. अर्थात सगळंच आमच्या हातात नसतं. कधी ग्रीडचा दाब क्षणभर कोसळतो, कधी वाहिनी भरली म्हणून उत्पादन कमी करायचा आदेश येतो. वारा उत्तम, मशीन ठणठणीत आणि पाती थांबलेली. त्या तासांचा दोष देखभाल करणाऱ्यावर येऊ नये म्हणून नोंद वेगळी ठेवायची, हे नव्या करारात आम्ही लिहूनच घेतो. त्याच करारात उपलब्धता तासांऐवजी युनिटवर मोजायची अटही घालतो. दोन ग्राहक त्यावर कायमचे खूश आहेत, काही अजून आकडेमोड करत आहेत.

सध्या आमच्याकडे जुन्या मशीन जास्त येतात. सर्वसाधारणपणे वीस वर्षांसाठी आखलेल्या, त्या वयाला टेकलेल्या. टॉवर आणि पाया बहुधा भक्कम निघतात. अडतं ते मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल कार्डापाशी, कारण बनवणाऱ्याने ते कधीच बंद केलेलं असतं. म्हणून कार्ड दुरुस्तीचं टेबल आम्ही स्वतःच लावलं. पिचच्या (पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बॅटऱ्या, स्लिप रिंगचे (फिरत्या भागाशी वीज जोडणाऱ्या कड्यांचे) कार्बन ब्रश, यावचे (मशीन वाऱ्याकडे वळवणाऱ्या यंत्रणेचे) ब्रेक पॅड यांचा साठा हंगाम सुरू व्हायच्या आधी भरून घेतो, आणि जी मशीन आवाज करते तिची तारीख वारा पडायच्या पहिल्या आठवड्यात लावून ठेवतो.