दारातला एक सेकंद

११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश युद्धात, टांगाइलजवळचा पुंगली पूल ताब्यात घ्यायला भारतीय सैन्याची छत्रीधारी बटालियन २ पॅरा विमानांतून उतरली. हीच पूर्वीची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. त्या दिवशी एएन-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डाकोटा अशी नाना प्रकारची विमानं वापरली गेली. डाकोटाला उडीसाठी डाव्या बाजूचं एकच दार, पॅकेटला मागे दोन. अशी मोहीम आखणाऱ्याला आधी दारांचा हिशेब मांडावा लागतो.

विमानाचा वेग १२० नॉट धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर. एका दारातून सेकंदाला एक जवान गेला, तर वीस जणांची स्टिक, म्हणजे लागोपाठ उडी मारणारी रांग, जमिनीवर जवळजवळ सव्वा किलोमीटर पसरते. सातवा गडी दारात दोन सेकंद अडखळला की त्याच्या मागचे सगळे सव्वाशे मीटर पुढे पडतात. डीझेड (उतरायचं मैदान) आखूड असेल तर शेवटचे झाडांत किंवा तळ्यात. म्हणून उडीचा हिरवा दिवा लागला की दारात विचार करायचा नसतो.

छत्री आपोआप उघडणारा पट्टा म्हणजे स्टॅटिक लाइन; तिचा हुक विमानातल्या अँकर केबलला अडकवायचा, पिन घालायची, ओढून बघायचं. जवान बाहेर पडला की लाइन ताणली जाऊन पॅक उघडतो, छत्री बाहेर खेचली जाते आणि शेवटचा कच्चा दोरा तुटून ती मोकळी होते. लाइन चुकून काखेखालून गेली असेल, तर तोच झटका दंडाचा स्नायू फाडतो. पाठीमागच्याने तपासायचं ते मुख्यतः हेच.

बाहेर पडताना पाय जुळलेले, हनुवटी छातीला, कोपरं अंगाशी, हात रिझर्व्हवर, म्हणजे पोटावरच्या राखीव छत्रीवर. पाय फाकले की विमानाच्या पंख्याचा वारा अंग फिरवतो आणि दोऱ्यांना पीळ पडतो. तेव्हा रायझर्स (खांद्यावरून छत्रीच्या दोऱ्यांकडे जाणारे पट्टे) बाजूला ताणून सायकल चालवल्यासारखे पाय मारायचे, पीळ सुटतो. दोरी छत्रीवरून गेली असेल किंवा छत्री फुललीच नसेल, तर मात्र थेट रिझर्व्ह. १२५० फुटांवरून सगळा प्रवास जेमतेम मिनिटभराचा, त्यामुळे ‘एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार’ मोजून लगेच वर बघायचं. हौशी स्कायडायव्हर सहसा याच्या दुपटीहून जास्त उंचीवर छत्री उघडतो, त्याच्याकडे चूक निस्तरायला वेळ असतो. मग सैन्य आणखी वरून का सोडत नाही? दहा नॉट वाऱ्यात मिनिटाला तीनशे मीटर वाहत जातो माणूस; शिवाय खालून गोळ्या येत असतात.

गोल छत्री सेकंदाला पाच-सहा मीटरने उतरते, म्हणजे चार ते सहा फुटी भिंतीवरून उडी मारल्यासारखं. नजर क्षितिजावर ठेवायची. जमिनीकडे बघितलं की नकळत पाय लांबवले जातात आणि घोटा जातो. पावलं, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची कड असं कुशीवर लोळत पडायचं, आणि वारा छत्री भरून फरफटत न्यायच्या आत उठून तिच्या पलीकडे, वारा जातो त्या अंगाला धावायचं.