स्पीड झकास, मग आवाज का तुटतो?

घरून सॉफ्टफोनवर, म्हणजे लॅपटॉपवरून इंटरनेटने कॉल करायच्या अ‍ॅपवर बोलताना समोरचे सारखे "हॅलो, हॅलो" करायचे, मला मात्र त्यांचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं आणि स्पीड टेस्टही एकदम मस्त. मग वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून आरटीपी स्ट्रीम, म्हणजे कॉलच्या आवाजाची पॅकेट बघितली, तर त्यातही काही नाही. नंतर लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपवर, बाहेर जाणारी पॅकेट घरातून बाहेर पडायच्या आधीच मोजली जातायत, खरं चित्र पलीकडेच दिसणार! मैत्रिणीला तिच्याकडून कॅप्चर घ्यायला सांगितलं आणि सापडलं की हो, जिटर, म्हणजे पॅकेट ठरावीक अंतराने न येता मागेपुढे येणं.

आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, आणि जी.७११ ला (आवाज डिजिटल करून पाठवायची एक पद्धत) १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत, त्यामुळे स्पीडचा प्रश्न नव्हताच. पण पॅकेट एसटीसारखी, बराच वेळ एकही नाही आणि मग तीन एकदम. ऐकणाऱ्याकडचा जिटर बफर, म्हणजे पॅकेट क्षणभर साठवायची जागा, थोडं थांबून ते सरळ करतो, फारच उशिरा आलेलं मात्र फेकून देतो, तिथेच शब्द गायब. बफर वाढवावा तर उशीर वाढतो, आणि आयटीयूच्या (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संस्था) हिशोबाने एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा.

एमओएसचा, म्हणजे आवाजाच्या दर्जाला दिलेल्या १ ते ५ मधल्या गुणांचा, पूर्ण कॉलचा सरासरी आकडा बघून समाधान मानू नका, त्यात दहा वाईट सेकंद सहज लपतात आणि नेमका पत्ता किंवा रक्कम त्यातच जाते.

माझ्याकडे कारण निघालं फोनचा फोटो बॅकअप, अपलोड पूर्ण भरून राउटरमध्ये रांग लागायची. राउटरमध्ये बॅकअपला लिमिट घातलं, दुसऱ्या दिवशीपासून "हॅलो, हॅलो" बंद.