शटरवरची रेघ

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

आज दिवसभरात पाच वेळा बाहेर जाऊन गॅरेजचं शटर बघून आले. सकाळी दूध घ्यायला गेले ते धरलं तर सहा. रंग छान बसलाय. ओघळ नाहीत, ब्रशचे केस चिकटलेले नाहीत, वरपासून खालच्या पट्टीपर्यंत एकसारखा बदामी. पैसे देताना नाव ठेवायला जागा नव्हती, एवढा छान. तरी काहीतरी टोचतंय. ते काय आहे हे आज लिहून काढलं नाही तर उद्याही आमटीत मीठ दोनदा पडेल. आज पडलंच. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली, म्हणजे त्यांच्याही लक्षात आलेलं असणार.

रविवारची गोष्ट. पेंटर तारेचा ब्रश घेऊन शटरसमोर उकिडवा बसला होता. मी चहा घेऊन गेले तर त्यानं मान वर करून विचारलं, "काकू, ही पुराची रेघ ठेवायची काय काढायची?"

मी म्हटलं, "काढ काढ. पार घासून टाक."

झालं. एवढंच. पण मी किती पटकन म्हणाले! भाजीवाल्याला "कोथिंबीर नको" म्हणायलासुद्धा मला ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यानं खर्र-खर्र करत दहा मिनिटांत काढली आणि मी आत येऊन पोहे परतत बसले. बरं, तो चहा पिताना आणखी एक बोलून गेला. मागच्या महिन्यात ज्यांच्याकडे काम केलं त्यांनी म्हणे भिंतीवरची रेघ मुद्दाम ठेवायला लावली, वर तारीखसुद्धा रंगवून घेतली. कशाला सांगितलं त्यानं मला हे? तेही घासून झाल्यावर?

शटरचा रंग बदलायचा हे माझंच खूळ. चिरंजीवांचं म्हणणं, रंगबिंग काही करू नकोस, शटरच काढून टाकू, रिमोटवालं बसवू, मी पैसे पाठवतो. आत गाडी नाही, आहे एक स्कूटर, दोन रिकामे पिंप आणि माळ्यावर चढायची शिडी. तिला रिमोट कशाला? पत्रा अजून शाबूत आहे, स्प्रिंग चांगली आहे, चॅनेलमध्ये थोडं ऑईल सोडलं की शटर एका हातानं वर जातं. बिघडला होता तो फक्त रंग. सकाळच्या उन्हानं निळा पार पांढुरका पडला होता आणि हात लावला की पावडर लागायची. येणारजाणारा प्रत्येकजण पाठीला निळा पट्टा घेऊन घरी गेलाय. मागे सासूबाईंच्या दिवसांना आलेल्या गुरुजींच्या उपरण्याला लागला होता, तेव्हापासून मनात होतं.

दुकानात शेडकार्ड बघण्यात अर्धा तास गेला. मला मनातून पिवळा हवा होता, झेंडूचा. पण मी म्हणाले बदामी. "मळ दिसत नाही" असं कारणही दिलं, कुणी विचारलं नसताना. मशीनवर एकदा कालवलेला रंग परत घेत नाहीत, तेव्हा आता बदामी तर बदामी. शटर 8 बाय 8 फूट, म्हणजे 64 चौरस फूट, म्हणून दोन हातांना एक लिटर पुरेल असा माझा हिशेब. पट्ट्यांचा उंचसखलपणा मी धरलाच नव्हता. पेंटर हसला. आणखी अर्धा लिटर आणावा लागला.

काम मात्र त्यानं नीट केलं. आधी तारेच्या ब्रशनं सगळा भुगा आणि गंज काढला, मग पॉलिश पेपर मारला, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसलं, मग रेड ऑक्साईड. रात्रभर वाळू दिलं. काल पहिला हात, आज दुसरा, दोन्ही उन्हं शटरवरून सरकल्यावर. तापल्या पत्र्यावर रंग मारला तर ब्रशच्या रेघा राहतात म्हणे. म्हणजे तशा रेघा राहू नयेत म्हणून त्यानं ऊन जायची वाट बघितली, आणि जी होती ती...

पुन्हा तिथंच आले.

ती नुसती चिखलाची रेघ असती तर पहिल्याच दिवाळीला गेली असती. पण 2019 च्या पुराच्या त्या पाण्यावर गावभरचं ऑईल तरंगत होतं. गॅरेजांतलं, बुडालेल्या गाड्यांतलं, कुणाच्या कुणाच्या डब्यांतलं. पाणी दिवसेंदिवस हललं नाही, त्यामुळे ते ऑईल एका पातळीवर जे बसलं ते बसलंच. सोडा लावून बघितला, रॉकेल लावून बघितलं. आजूबाजूचा निळा निघाला, रेघ उलट ठळक झाली. तिच्या बऱ्याच खाली, जमिनीपासून वीतभर, आणखी एक अंधुक होती. ती 2021 ची. तिला आमच्या घरात कुणी मोजत नाही, बिचारी. 2019 च्या ऑगस्टात इथं सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथं 45 ही धोक्याची पातळी. त्यामुळे 2021 च्या पाण्याला आपण "आलं होतं थोडं" असं म्हणतो. दारात पाणी आलं त्याला थोडं म्हणणारी माणसं झालोय आपण.

जुलै लागला की इथं कुणी कुणाला "कशी आहेस" विचारत नाही. "पुलाला किती?" विचारतात. त्यानंतर "कोयनेतून किती सोडलंय?" मी ही दोन्ही उत्तरं ऐकायची आणि खिडकीतून शटरकडे बघायची. म्हणजे काय बघत होते कोण जाणे. रेघ काही खालीवर होणार नव्हती. पण बघून बरं वाटायचं. की इथवर आलं होतं आणि आपण अजून आहोत, असलं काही? छे, इतकं भारी नाही. गॅसचं बटण बंद आहे ना हे निजताना पुन्हा बघतो, तसं.

मग ते घासून टाक म्हणताना माझी जीभ जराही का अडखळली नाही?

आज दुपारी ह्याच विचारात जरा रडूही आलं. कारण काय, तर तेव्हा सगळ्यांनी टीव्हीचं विचारलं. सोफ्याचं विचारलं, गव्हाच्या पोत्यांचं विचारलं, ह्यांच्या कागदपत्रांचं तर अजून विचारतात. खालच्या कपाटात माझं काय होतं हे एकानंही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ही वही 2019 च्या सप्टेंबरातली आहे, ह्याच्या आधीच्या नाहीत, एवढंच. वहिनींकडे विश्रामबागेत काढलेले अकरा दिवस... त्याबद्दल नको. त्यांनी जे केलं ते केलं. परत आलो तेव्हा शटर उघडेना, दोन्ही चॅनेल गाळानं गच्च भरलेले. पहार लावून चार माणसांनी वर ढकललं. पंचनाम्याला आलेल्या माणसानं त्या रेघेला टेप लावून फोटो काढला. किती भरलं ते त्यानं त्याच्या कागदावर लिहिलं, मी विचारलंही नाही. आमच्या घरातलं सरकारदरबारी छापलेलं कुणी असेल तर ती रेघ, असं हे तेव्हा म्हणाले होते. सहा वर्षं मी ती पुसायला गेले आणि सहा वर्षं ती गेली नाही. आणि जो माणूस कायमची घालवू शकत होता त्यानं मला विचारलं, तर मी पोहे करायला आत.

संध्याकाळी शेजारच्या काकी फाटकापाशी आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "चांगला आहे गं. फक्त ओल्या गाळासारखा दिसतो जरा."

अगदी बरोबर बोलल्या. कार्डावर बदामी होता, वाळल्यावर कृष्णामाईचा गाळ झालाय. सहा वर्षं एका बोटाची रेघ होती, आता चौसष्ट चौरस फूट. मला हसू आलं ते काकींना आवडलं नाही बहुतेक. "वाईट नाही म्हटलं मी," म्हणत गेल्या.

पण हसल्यावर जरा डोकं चालायला लागलं. मला खरं तर पहिल्यापासून ठाऊक आहे मी पटकन का म्हणाले ते. इतकी पानं कशाला फिरवली कोण जाणे. येत्या रविवारी धाकटीच्या स्थळाकडचे लोक येणार आहेत. तुळशीची लग्नं झाली, आता बोलणी पुढे न्यायची म्हणतात. धाकटीनं बजावलंय की काही विशेष करू नकोस. मी काही विशेष केलं नाही, फक्त शटर रंगवलं. त्यांनी फाटकातून आत येताना पहिल्यांदा ती रेघ बघावी आणि मग खुर्चीत बसून चहाचा कप उचलताना ती त्यांच्या डोळ्यांत असावी, हे मला नको होतं. पुराच्या भागातली मुलगी. कुणी तोंडानं म्हणालं नसतं. मला ते न म्हटलेलंच ऐकू आलं असतं.

म्हणजे लाज वाटली. ज्या घरातला गाळ मी ह्या हातांनी घमेल्यानं उपसला त्या घराची मला लाज वाटली, आणि तीही आगाऊ, पाहुणे यायच्या सात दिवस आधी.

आणि लपवायला निघाले होते कुणापासून? मिरजेच्या माणसांपासून! इथून दहा किलोमीटरवर राहतात ते. श्यामरावनगर म्हटल्यावर मिरजेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल इथं पाणी कुठवर येतं. पत्ता दिला तेव्हाच सगळं सांगून झालं होतं. त्या बाई तर पहिल्या फोनवर म्हणाल्या होत्या की त्या वेळी आमच्या गल्लीतून पोळ्यांचे डबे गेले सांगलीला. मी "हो का" म्हणाले आणि विषय बदलला. त्यातली एखादी पोळी मीच खाल्ली असेल, कुणास ठाऊक.

हे सगळं लिहिताना उठून पाणी प्यायला गेले ते स्वयंपाकघरातल्या दारानं गॅरेजमध्ये डोकावले. दिवा लावला. आणि समोर रेघ.

अगदी होती तशी. शटरच्या आतल्या बाजूला.

मी ह्यांना मोठ्यांदा हाक मारली, ते झोपले होते. बरंच झालं. कारण आतून रंग नको हे मीच ठरवलं होतं. दोन्ही बाजूंचे किती आणि एका बाजूचे किती, असं पेंटरशी घासाघीस करून मी बाहेरच्या एका बाजूवर सौदा तोडला होता. आत कोण बघतंय, असं म्हणालेही होते. पाणी शटरच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीला उभं होतं, तेव्हा रेघ आतूनही असणार, हे चौथीतल्या मुलाला कळेल. मी मात्र तीन दिवस आमटी खारट करत होते. आतला निळा अजून किती गडद आहे! तिथं ऊन कधी लागलंच नाही. त्या निळ्यावर ती काळपट रेघ, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुणी पट्टी धरून ओढावी अशी.

शिवणाच्या डब्यातली टेप आणली. इतकी वर्षं मी सांगत आलेय, आमच्याकडे छातीएवढं पाणी होतं. माहेरी सांगितलं, भिशीत सांगितलं, रेल्वेत एका अनोळखी बाईंनाही सांगितलं. टेप लावली. 3 फूट 2 इंच. पुन्हा लावली. तेवढंच. जवळ उभी राहून बघितलं तर माझ्या कमरेच्या वर चार बोटं, बस्स. बाहेर उतारावर खाली उभी राहून बघायचे, त्यामुळे तसं वाटत असेल. किंवा नसेलही. धाकटी नेहमी म्हणते, आईच्या सांगण्यात कृष्णेला दरवर्षी थोडं पाणी चढतं. तिला हा आकडा सांगायचा नाही. निदान रविवारपर्यंत तरी.

पेंटर जाताना सांगून गेलाय, दोन दिवस शटर वर करायचं नाही, पट्ट्या एकमेकींना चिकटतील. आणि वर केलं की सांध्यासांध्यातून जुना निळा दिसणार, तेव्हा मग मला फोन करायचा नाही. तो घालवायचा तर पट्टी-पट्टी सोडवावी लागेल. मी म्हटलं राहू दे. उरलेल्या रंगात आतून एक हात मारून देऊ का, असंही विचारलं त्यानं, वर फार पैसे लावणार नाही म्हणाला. मी उद्या सांगते म्हटलं होतं. डबा झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवून दिला आत्ता.

रविवारी शटर खाली ठेवायचं की वर, ते शनिवारी बघू. स्कूटर आज बाहेरच आहे. तिच्या सीटवर ती भटकी मांजर बसलीय आणि पाय चाटतेय. सकाळी शटरच्या खालच्या पट्टीला अंग घासत फिरत होती. पायांना रंग लागलाय की काय बघायला हवं, टर्पेंटाइनचं फडकं कुठं ठेवलं त्यानं...