ब्रेकची काजळी धुण्याआधी वाचावी

माहेर बेळगाव आणि सासर गोव्यात डिचोली, त्यामुळे चोर्ला घाट माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आणि खाली केरी-साखळीचा सखल भाग. एवढी उंची उतरायची म्हणजे ब्रेकवर पाय आलाच. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून जास्तीचं काम पुढच्या चाकांना पडतं. त्यातून माझ्या गाडीला पुढे उघड्या चकतीचे डिस्क ब्रेक आणि मागे बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक. ड्रमचा भुगा आतच राहतो, डिस्कचा बाहेर उडतो. म्हणून माझी मागची अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, बऱ्यापैकी चांदीसारखी आणि पुढची काळीठिक्कर.

ही काजळी नुसती धूळ असती तर शॅम्पूच्या पाण्याने गेली असती. डिस्क असते बिडाची. तिच्यातून लोखंडाचा बारीक भुगा निघतो आणि तिच्यावर दाबून धरणाऱ्या पॅडमधून राळ, ग्राफाइट, धातूचे तंतू. हे सगळं गरम असतानाच चाकावर जाऊन बसतं. वर आपली गोव्याची हवा. जून ते सप्टेंबर चाक धड सुकतच नाही. लोखंडाचे कण गंजतात, फुगतात आणि अलॉयवरच्या पारदर्शक लाखेत रुतून बसतात. आधी काळा पातळ थर दिसतो, मग तपकिरी ठिपके. ठिपके आले की समजायचं, साबणाचं काम संपलं.

एका वॉशिंग सेंटरवर यावर जालीम इलाज झाला होता. बिनलेबलच्या कॅनमधलं पाणी मारलं, फेस आला, काजळी गेली आणि सोबत एका अलॉयची चमकही गेली. पांढुरके डाग राहिले. ते अॅसिड होतं. अॅल्युमिनियम उघडं पडलं असेल तर अॅसिड त्याला खातं, आणि असे डाग धुऊन जात नाहीत. तेव्हापासून चाकं मी घरीच धुते.

म्हापशाच्या दुकानात आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेलं लोखंड सोडवणारं औषध, मागितला तर दुकानदार म्हणाले, ‘ताई, वास सहन होईल ना?’ वास खरोखरच कुजक्या अंड्यासारखा. यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ब्यूटी पार्लरमध्ये केस पर्म करायच्या लोशनमध्ये असतं त्याच कुळातलं रसायन, म्हणून तो वास मला ओळखीचाच वाटला. लोखंडाशी त्याची गाठ पडली की जांभळा रंग येतो. बाटलीवर अॅसिड-फ्री किंवा पीएच न्यूट्रल लिहिलंय का, तेवढं पाहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. धुण्याआधी पाहून घ्यायचं. पुढच्या दोन्ही चाकांवर काजळी साधारण सारखी हवी. माझं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच काळं होतं, आणि घाट उतरून आल्यावर जवळ हात नेला तर त्याची धगही जास्त लागत होती. साखळीच्या गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘वैनी, पिन जाम असतली.’ तसंच निघालं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्यातली एक कोरडी पडून अडकली होती, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहायचा. नुसतं चाक चमकवलं असतं तर दोन आठवड्यांत पुन्हा तेच, आणि पॅडची झीज फुकटची. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस किंवा तेल तिथे चालत नाही, पिनेवरचं रबर त्याने फुगतं. चाक खोललेलंच होतं म्हणून पॅडची जाडीही पाहिली. तीन मिलिमीटरच्या आसपास आले की बदलायचे. माझे अजून जाड होते.

धुणं त्यानंतर. गाडी सावलीत, चाक हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. गरम डिस्कवर गार पाणी मारू नये आणि गरम अलॉयवर औषध लगेच वाळतं. आधी साध्या पाण्याने चिखल काढायचा. आपल्या जांभ्याच्या मातीतही लोह भरपूर, त्यामुळे चिखलासकट औषध मारलं तर ते मातीवरच खर्ची पडायचं. मग पाणी निथळू देऊन फवारा. दोन-चार मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ सुटतात. पहिल्यांदा पाहताना मजा वाटते, पण बघत बसून ते वाळू द्यायचं नाही. मऊ ब्रशने आरे, नटांच्या खोबणी आणि आतली बाजू घासायची, भरपूर पाण्याने धुवायचं. ठिपके उरले तर जोर लावण्यापेक्षा दुसरा फवारा बरा. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची घासणी अलॉयवर नकोच, लाख ओरखडली की पुढची काजळी तिथेच आधी धरते.

शेजारच्या काकी कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांचा सल्ला, चिंच नाहीतर सोलं (आमसुलं) लावून बघ, आमची समई बघ कशी लखलखते. पितळेला ते बरोबर आहे. पण आंबट म्हणजे शेवटी आम्लच, आणि बोल्टवरच्या जस्ताच्या मुलाम्याला ते मानवत नाही.

आतल्या भागांना, म्हणजे कॅलिपर आणि त्याच्या ब्रॅकेटला, ब्रेक क्लीनरचा स्प्रे लागतो. तो तेलकटपणा आणि राळ सोडवतो आणि लगेच उडून जातो. उघड्यावरच वापरायचा, जवळ विडी-काडी नाही, आणि रंगावर उडू द्यायचा नाही. रॉकेल-डिझेलने ब्रेक धुण्याची पद्धत अजून पाहायला मिळते. पॅडला तेलाचा अंश लागला तर ब्रेक धरत नाही, तेव्हा ‘स्वस्तात होतं’ हे कारण मला पटत नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम फुंकायलाही मी गॅरेजवाल्याला मनाई केली. तो भुगा थेट नाकातोंडात जातो, आणि ड्रमला आतून घासणाऱ्या जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायला दहा मिनिटं जास्त लागली, त्याची कुरकुर ऐकून घेतली. ड्रम गंजून बसला होता. त्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळले तसा तो हातोड्याशिवाय बाहेर सरकला.

धुतलेलं पाणी कुठे जातं हाही प्रश्न आहेच. आमच्या दारचं गटार पुढे शेतात उतरतं. पॅडमधलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक, म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा केला आणि २०२५ पासून नव्या पॅडमध्ये ०.५ टक्क्याची मर्यादा आणली. माझ्या पॅडमध्ये तांबं किती, ते पुडक्यावर लिहिलेलं नाही. म्हणून धुणं मी गटाराजवळ करत नाही, खडीवर करते, आणि औषध बेताने वापरते.

शेवटी गाडी अंगणाबाहेर काढून हळू चालवत ब्रेक थोडा थोडा दाबायचा, म्हणजे डिस्क सुकते. सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो पुसला जातो. सुकलेल्या अलॉयवर मी वॅक्सचा हात फिरवते. पुढच्या वेळी बरीचशी काजळी साबणानेच निघते. डाव्या अलॉयवरचे अॅसिडचे डाग मात्र तसेच आहेत. त्याला लाख खरवडून नव्याने चढवावी लागेल, आणि तो खर्च सध्या तरी मी पुढे ढकलला आहे.