वकालतनाम्यावरचं नाव

सांगलीत विजयनगरच्या कोर्टात मी सहा वर्षं वकिली करते, एकाच सीनियरच्या हाताखाली. तासगाव भागातल्या तीन बहिणींचा वाटणीचा दावा आमच्याकडे होता. वडील १९९७ साली वारले. पुढच्याच वर्षी भावानं, बहिणींनी हक्क सोडल्याची वर्दी तलाठ्याकडे दिली, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर तो एकटाच राहिला. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठंच नाही. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वडील हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असले तरी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानंच असतो. ते कानावर गेल्यावर थोरली बहीण आमच्या ऑफिसची पायरी चढली.

दाव्याचा मसुदा मी लिहिला. फेरफाराचे जुने कागद तहसीलमधून नकलेचे अर्ज करकरून मीच काढले. त्यातच ती वर्दी सापडली. थोरलीच्या नावापुढं अंगठा. बाई सातवी शिकलेली, सही करणारी! भावाच्या उलटतपासणीसाठी ३४ प्रश्न लिहून ठेवले होते, अंगठ्याचा सगळ्यात शेवटी.

उलटतपासणीच्या दिवशी सर कोल्हापूरला, उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसमोर होते. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच सुरू झाल्यापासून त्यांच्या तिकडं खेपा वाढल्यात. सकाळी फोन आला, "उलट तो घेईल. तुम्ही मागं बसून कागद काढून द्या." तो म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेला मुलगा. कारणही दिलं, "शेतीची मॅटर आहे. साक्षीदार बाईला जुमानत नाही." खुर्चीवर न्यायाधीश म्हणूनही बाईच बसणार होत्या, हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

व्हरांड्यात थोरलीही म्हणाली, "वकीलबाई, राग मानू नका. गडी मानूस उभा राहिला की भाऊ बिचकंल." तिचा राग आला नाही. हे तिला आमच्याच ऑफिसनं शिकवलं होतं. संध्याकाळचे सात वाजले की सर म्हणतात, "अंधार पडला, तुम्ही निघा." त्यांची काळजी खरी असते, हे मी मान्य करते. पण गावाकडचे पक्षकार येतात ते सातनंतरच. दावा कसा चालवायचा ते तेव्हा ठरतं, फीचं बोलणं तेव्हा होतं, आणि पक्षकाराच्या ओळखीचे होतात ते तिथं बसलेले मुलगे. मग आम्हा मुलींच्या वाट्याला पोटगी, घरगुती हिंसाचार आणि मुदतीचे अर्ज. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं रेजिना गुहा यांना केवळ स्त्री म्हणून वकिली नाकारली होती. तो अडसर १९२३ च्या कायद्यानं काढला. आज सनद देताना कुणी बाई-पुरुष बघत नाही. अडवणूक होते ती ऑफिसात, आणि तीही आपुलकीच्या आवाजात.

मुलानं मनापासून प्रयत्न केला, पण अकराव्या प्रश्नाला त्याचं पान चुकलं. मी चिठ्ठी सरकवली. घाबरून त्यानं ती वाचलीच नाही. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. थोरली बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अंगठ्याचं इचारलंच न्हाई की त्यांनी."

मी गप्प.

"तुमीच इचारा."

तेव्हा फायलीतला वकालतनामा, म्हणजे पक्षकारानं वकील नेमल्याचा कागद, काढला. सरांचं नाव, दोन मुलांची नावं. माझं नव्हतं. चौदा महिने जी फाईल मी उशाला घेऊन झोपले, तिच्यात कोर्टाच्या लेखी मी कुणीच नव्हते.

कोरा वकालतनामा आणला, वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट लावलं. त्या मुलानं मी न मागता 'ना हरकत' लिहून सही केली. त्याचं मला आजही कौतुक आहे. मग थोरलीनं पेन हातात घेतलं. आधी सुटी सुटी अक्षरं, मग त्यांच्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडं एकच लांब रेघ. रेघ पूर्ण होईपर्यंत तिनं श्वास रोखला होता.

दुपारी मी उभी राहिले. साक्षीदार जुमानणार नाही म्हणे. त्यानं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. "हे म्हणणे खरे आहे की, वादी नंबर १ सातवीपर्यंत शिकलेली आहे. हे म्हणणे खरे आहे की, ती सही करते." मग वर्दी दाखवली. तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. "अंगठा हाय," म्हणाला. कुणाचा, ते त्याला सांगता आलं नाही. तेही जबाबात आलं.

निकाल अजून व्हायचा आहे. सर दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "वकालतनामा दाखल करायच्या आधी मला विचारत जा." मी हो म्हणाले नाही. त्या संध्याकाळी सात वाजल्यावरही थांबले आणि कपाटातल्या फायली काढल्या. मसुदा माझ्या हातचा अशी २९ प्रकरणं निघाली. वकालतनाम्यावर माझं नाव होतं चारांत, चारही पोटगीची. उरलेल्या २५ प्रकरणांचे नंबर लिहून यादी सरांच्या टेबलावर ठेवली, सोबत तेवढेच कोरे वकालतनामे.