"पेशंटला सांगू नका, डॉक्टर"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात बायोप्सीचा रिपोर्ट बहुतेक वेळा पेशंटच्या आधी त्याचा मुलगा किंवा जावई घेऊन येतो आणि खुर्चीत टेकण्याआधीच सांगतो, "आण्णांना यातलं काही बोलू नका, डॉक्टर, ते हाय खातील." या विनंतीमागे माया असते, यात शंका नाही. परंतु ती मान्य केली की ज्याच्या शरीराची चर्चा चालली आहे तो माणूस बाहेर बाकड्यावर बसून राहतो आणि त्याच्या उरलेल्या दिवसांचे निर्णय आत बसलेली मंडळी घेतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने आजाराचे गांभीर्य फुगवूही नये आणि कमीही करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र त्याच कलमात ही माहिती रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असावी, एवढीच अपेक्षा ठेवलेली आहे आणि ही मोकळीक आम्ही डॉक्टरांनी अगदी सढळ हाताने वापरली आहे. नातेवाइकांशी बोलणे सोपे असते. ते रडले तरी आपल्याला मरणाबद्दल विचारत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात या सवयीला चांगलाच धक्का दिला. १९९५ साली दिल्लीत केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी भूल दिलेल्या महिलेचे गर्भाशय आणि बीजकोश, बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन, काढून टाकण्यात आले होते. रुग्ण सज्ञान होती, भुलीमुळे तात्पुरती बेशुद्ध होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते आणि आईची संमती ग्राह्य नाही, असा निकाल लागला. भरपाई पंचवीस हजारांचीच होती, परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हे न्यायालयाने मान्य केले आणि तरीही कृती चूकच ठरवली.

भोगावती काठच्या एका शेतकऱ्याला फुफ्फुसाचा कर्करोग होता आणि घरच्यांनी त्यांना छातीत पाणी झाले आहे, एवढेच सांगितले होते. मुलगा खाली मेडिकलमध्ये गेल्याचे पाहून ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, औंदा आडसाली लागण करू का नको, तेवढं सांगा." जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस कारखान्याला जायला सोळा-अठरा महिने लागतात, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आजाराबद्दल किती ऐकायची तयारी आहे, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सगळं सांगा, पण मला कळलंय हे पोराला कळू देऊ नका." ऊस तुटेपर्यंतची खात्री मला देता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. पुढच्या खेपेस त्यांच्या संमतीने बापलेकांना एकत्र बसवल्यावर पहिला विषय निघाला तो सोसायटीच्या कर्जाचा आणि दुसरा धाकट्या मुलीच्या नावावर करायच्या जमिनीचा. ही कामे त्यांच्यावाचून दुसऱ्या कुणाला करता आली नसती.

काही पेशंटना खरोखरच ऐकायचे नसते. "आमच्या ह्यांना सांगा, मला नको" असे एखादी मावशी स्वतः म्हणाली, तर तो तिचा निर्णय आहे आणि तो पाळलाच पाहिजे. गर्दीचे कारणही खोटे नाही. सीपीआर या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जिल्ह्यातले आणि कोकणातले पेशंट रांगेत असताना निवांत बोलणे कुणाला जमणार? २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता आणि संवाद यांचे स्वतंत्र धडे आले आहेत, परंतु विद्यार्थी शेवटी वॉर्डात सर जसे बोलतात तसेच बोलायला शिकतो. खासगी दवाखान्यात फी घेऊन बसलेल्या आम्हा मंडळींनी मात्र वेळेची सबब सांगू नये.

माझ्यापुरता मी एक पायंडा पाडला आहे. तपासणीला पाठवतानाच, सोबतच्या नातेवाइकांसमोर, रिपोर्ट आल्यावर कुणाला सांगायचे हे मी पेशंटलाच विचारतो आणि त्याचे उत्तर केसपेपरवर लिहितो. नंतर मुलगा अडवायला आला की तो कागद पुढे करता येतो. काही जण नाराज होऊन दुसरा डॉक्टर गाठतात, आणि फाईल मागितली तर ती मी त्यांच्या नव्हे, पेशंटच्या हातात देतो.